टोक सोडून गाठ

पहिल्याच तासाला आमच्या सरांनी व्यासपीठ पुसून काढलं होतं.

परळच्या एका संशोधन संस्थेत मी नुकतीच पीएचडीला लागले होते. पुढच्या इमारतीत हॉस्पिटल, मागच्या इमारतीत आमच्या प्रयोगशाळा, आणि दोन्हींना मिळून गेट एकच. आम्ही दहाबारा नवे विद्यार्थी इस्त्रीचे कपडे घालून, शहाण्यासारखे चेहरे करून बसलो होतो. हे गृहस्थ आत आले. पँट घोट्याच्या वर आणि शर्टाच्या बाह्या मात्र बोटांपर्यंत लांब. आमच्याकडे न बघता म्हणाले, "तर असं आहे. तर असं आहे. तर असं आहे." आणि गप्प झाले. मला वाटलं, पुढचं विसरले बहुतेक.

मग ते दाराशी गेले. तिथे मामा उभे होते. मामा म्हणजे आमच्या मजल्यावरचे जुने अटेंडंट. त्यांच्या हातातला ओला मॉप सरांनी घेतला आणि व्यासपीठाच्या एका कडेपासून फरशी पुसत मागे मागे सरकायला लागले. पाठ भिंतीला टेकली तेव्हा थांबले. सगळी फरशी ओली झाली होती. फक्त त्यांच्या पायांखालची जागा कोरडी होती.

"चाळीची गॅलरी धुतलीय का कोणी?" त्यांनी विचारलं. कोणीच हात वर केला नाही. मी दादरची, ब्लॉकमध्ये वाढलेली, मी कुठून करणार. "धुणाऱ्याला उभं राहायला जागा लागते. तो उभा असतो तेवढी फरशी राहून जाते. पेशीचंही तसंच. एकीच्या दोन व्हायच्या आधी ती आपल्या डीएनएची नक्कल काढते. नक्कल काढणाऱ्याला टेकायला जागा लागते, म्हणून अगदी टोकाचा तुकडा नकलेत उतरत नाही. दर वेळी गुणसूत्र थोडं आखूड होतं. मग कामाचा मजकूर कधीच खलास व्हायला हवा होता. का नाही झाला?"

आम्ही वह्यांत डोकं घातलं.

"कारण टोकाला कामाचं काही लिहिलेलंच नाही. टी टी ए जी जी जी. सहा अक्षरं, तीच तीच, हजारो वेळा. झिजायचं ते ती झिजतात, मधलं शाबूत राहतं. आता मी आल्या आल्या तीनदा 'तर असं आहे' म्हणालो. तेव्हा तुम्ही पेन शोधत होता. तुमचं काही बुडालं का?"

तास संपतानाही ते तीनदा 'तर असं आहे' म्हणायचे, कारण तेव्हा मुलं दप्तरं आवरत असतात. पुढच्या पाच वर्षांत यात एकदाही खंड पडलेला मी पाहिला नाही. एक बुधवार सोडला तर, ते पुढे येईल.

सरांच्या सगळ्याच गोष्टींना टोकाला जादा माल असायचा. वहीचं पहिलं आणि शेवटचं पान कोरं. पार्सलला दोरी बांधली की दोन्हीकडे वीतभर लोंबती. बाह्यांचं कारणही हेच, कापड मनगटाशीच आधी फाटतं म्हणे. सहाच्या मीटिंगला साडेपाचला येऊन बसायचे आणि मीटिंग संपल्यावरही पाच मिनिटं तसेच बसून राहायचे, कोणीतरी दारातून परत येऊन खरी गोष्ट सांगेल म्हणून. गंमत म्हणजे पुष्कळदा कोणीतरी यायचंही.

आम्हा विद्यार्थ्यांना ते 'डॉक्टर' म्हणायचे आणि अहोजाहो करायचे. पदवी मिळाली की त्या दिवसापासून नावाने हाक आणि अरेतुरे. "आत्ता तुम्हाला डॉक्टर म्हणवून घ्यायची गरज आहे," म्हणायचे. "मिळाल्यावर काय, जगच म्हणेल."

परदेशी पुस्तकांवर त्यांचा एका बाबतीत फार राग होता. गुणसूत्राच्या टोकाला तिथे बुटाच्या नाडीच्या टोकावरच्या प्लास्टिकची उपमा देतात. एकदा एका पाहुण्या प्राध्यापकांनी भाषणात ती दिली. प्रश्नोत्तरांत सर उठून उभे राहिले. "नायगावच्या ज्या चाळीत मी वाढलो तिथे माझ्या शाळेच्या दिवसांत बूट कोणाकडेच नव्हते, तर नाडी कुठली. आमच्याकडे धागा होता. धाग्याचं सांगतो," म्हणाले, आणि पाहुण्यांना बसवून स्वतःच दहा मिनिटं बोलले.

त्यांचे वडील गिरणीत सूतकताईच्या रिंग खात्यात होते. साच्यावर, म्हणजे मागावर, पगार जास्त, पण तिथे धोट्यातून धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे आणि त्याचा विटाळ मानत, म्हणून 'आमच्या लोकांना' तिथे घेत नसत, हे त्यांनी त्या सभेत इतक्या साध्या आवाजात सांगितलं की पाहुण्यांनी पाण्याचा ग्लास खाली ठेवला. आई वाइंडिंगमध्ये. बॉबिनवरचा धागा तुटला की दोन टोकं शोधून गाठ मारायची, दिवसभर. "आमची आई म्हणायची, टोक सोडून गाठ मार. अगदी टोकाशी मारलेली गाठ सुटते. पेशीतही असे गाठी मारणारे कामगार आहेत. तुटलेलं दिसलं की जोड. त्यांना गुणसूत्राचं खरं टोक हे तुटकं टोक वाटलं तर ते भलत्याच दोन गुणसूत्रांची गाठ मारतील आणि पेशी बरबाद होईल. म्हणून टोक दुमडून, झाकून ठेवलेलं असतं. इथे तुटलेलं नाही, इथे संपलंय, एवढं सांगायला."

प्रयोगशाळेत आम्ही माणसाच्या पेशी वाढवायचो. चपट्या बाटल्यांत, गुलाबी रसात, शरीराइतक्या उबेच्या कपाटात. दर मंगळवारी आणि शुक्रवारी रस बदलायचा. याला आमच्याकडे 'जेवण घालणं' म्हणत. साध्या पेशी ठरावीक वेळा दुणावतात आणि टोकं झिजली की दुणावायच्या थांबतात. कॅन्सरच्या पेशींना मात्र टोकं पुन्हा लांबवण्याची विद्या अवगत असते, त्यामुळे त्या वाढतच राहतात. सरांचा नियम भिंतीवर लिहिलेला होता, त्यांच्याच अक्षरात: 'ज्या मरणार आहेत त्यांना आधी. ज्यांना मरण नाही त्यांनी थांबावे. प्रत्येकीची बाटली वेगळी.' कारण कॅन्सरच्या चार पेशी जरी रसाच्या बाटलीतून साध्या पेशींत गेल्या, तरी त्या महिन्याभरात सगळं घर बळकावतात.

माझा प्रबंध सत्तावीस नंबरवर होता. सत्तावीस नंबर म्हणजे एका वयस्क बाईच्या दंडाच्या कातडीतून पूर्वी घेतलेल्या पेशी. नाव, पत्ता काही नाही, नियमाप्रमाणे फक्त नंबर. द्रव नायट्रोजनमध्ये त्यांच्या दोनच कुप्या उरल्या होत्या. त्यातली एक मी वितळवून वाढवत होते. दर वेळी दुणावल्यावर टोकं किती आखूड झाली ते मोजायचं, थेट त्या थांबेपर्यंत. शेवटचा आकडा सगळ्यात महत्त्वाचा, तोच नसला तर प्रबंधाला अर्थ नाही. सर रोज सकाळी हातातली पिशवी खाली ठेवायच्या आधी विचारायचे, "सत्तावीस नंबर कशा आहेत?" जेवणाच्या दिवशी चहासुद्धा पेशींचं जेवण झाल्यावरच. मला वाटायचं, माझ्या प्रबंधाची किती काळजी आहे माणसाला.

आणि एका शुक्रवारी माहीमला माझ्या मावसबहिणीची हळद होती.

मला चारला निघायचं होतं. कॅन्सरच्या पेशी समोर होत्या, त्यांना आधी घातलं. त्यांची बाटली संपत आली होती, म्हणून सत्तावीस नंबरची उघडली. तीच पिपेट, तीच बाटली, आणि मग त्याच बाटलीतून सत्तावीस नंबरला. हे मला तेव्हा कळलं नाही असं मी म्हणणार नाही. कळलं, आणि मी म्हटलं, एकदा केल्याने काय होतंय. हळदीला वेळेवर पोचले.

पाचेक आठवड्यांनी थकत चाललेल्या सत्तावीस नंबरच्या पेशी अचानक भराभर वाढायला लागल्या. थांबायच्या ऐवजी धावायलाच लागल्या की! ती हळद मी साफ विसरले होते. माझ्या डोक्यात एकच, की एका म्हातारीच्या पेशींनी आपण होऊन टोकं लांबवायची विद्या शोधली आणि ती मला सापडली. मी मजलाभर पेढे वाटले.

सरांनी पेढा हातात घेतला. "ओळख पटवायची चाचणी आधी पाठवा," म्हणाले. "निकाल आल्यावर खातो." पेढा कागदात गुंडाळून ड्रॉवरमध्ये ठेवला. मला राग आला. मी तशी तापट आहे, आणि बाहेर जाऊन मामांना म्हणाले, "यांना कधी आनंदच होत नाही का हो?"

पण झाला होता. चाचणीच्या निकालाला चार दिवस होते, त्या चार दिवसांत सर निराळेच दिसायला लागले. नवा शर्ट घालून आले. सूक्ष्मदर्शकाच्या भिंगाशी बसले की बराच वेळ उठायचे नाहीत. आणि बुधवारच्या तासाला 'तर असं आहे' एकदाच म्हणाले आणि सरळ विषयाला लागले. मुलं पेनं शोधतच राहिली.

निकाल आला. बाटलीतल्या पेशी सत्तावीस नंबर नव्हत्याच. आमच्याच कपाटातल्या कॅन्सरच्या पेशी होत्या त्या, दिसायला तशाच लांबट. सत्तावीस नंबरचा मागमूसही उरला नव्हता.

कागद हातात असताना मला ती हळद आठवली. दोन दिवस मी गप्प राहिले. हो, राहिले. कोणावर ढकलता येईल हेही मनात येऊन गेलं. तिसऱ्या दिवशी सरांच्या खोलीत गेले.

"सर, त्या शुक्रवारी मी उलट केलं. आधी कॅन्सरच्या, मग सत्तावीस. पिपेट तीच, बाटली तीच."

"का?"

"माहीमला हळद होती. उशीर होत होता."

त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं. मग "तर असं आहे," म्हणाले. मग पुन्हा म्हणाले. तिसऱ्यांदा म्हणायच्या आधी चष्मा काढून बाहीला पुसला, आणि विचारलं, "हळद कशी झाली?"

कोणी ओरडलं तर मला उलट ओरडता येतं. याला काय करायचं? मी त्यांच्यासमोर लहान मुलीसारखं भोकाड पसरलं. सरांनी ड्रॉवर उघडून रुमाल शोधला. आत पेढ्याभोवती मुंग्यांची रांग लागली होती. "यांनी निकालाची वाट पाहिली नाही," म्हणाले.

मला हसू आलं आणि आणखीच रडू आलं.

"डॉक्टर, तुमची चूक घाईची," ते म्हणाले. "माझी त्याहून वाईट. भिंगाखाली मला दिसत होतं, त्या एकमेकींवर चढत होत्या. साधी पेशी शेजारणीचा धक्का लागला की थांबते. हे मी तीस वर्षं शिकवतोय. तरी चार दिवस मी ते खरं मानलं. मला ते खरं व्हायला हवं होतं."

त्यांना का हवं होतं ते मला बाहेर पॅसेजमध्ये कळलं. मामा स्टूलावर बसले होते. माझं तोंड बघून म्हणाले, "रडतस कित्याक? सरांनी काय तुका खाल्ल्यानी?"

"मामा, मी सत्तावीस नंबर घालवले."

मामा मालवणकडचे, एरवी फार बोलणारे. आता स्टूलावरून उठून जवळ आले. मग हळूच म्हणाले, "सत्तावीस नंबर म्हणजे कोण, ठावक आसा तुका? सरांची आवस ती."

सरांची आई! तेव्हा कोणी कातडी द्यायला तयार नव्हतं, मामा सांगत होते. म्हातारी म्हणाली, माझी घ्या. मामाच तिला हाताला धरून वर घेऊन आले होते. फॉर्मवर अंगठा चालेल म्हणून कोणीतरी शाईचं पॅड पुढे केलं. तिने ते बाजूला सारलं आणि सावकाश, अक्षर अक्षर जोडत सही केली. बुद्धविहाराच्या रात्रशाळेत शिकली होती. सुई टोचली तेव्हा सर तोंड फिरवून उभे होते आणि ती त्यांना विचारत होती, तू जेवलास का? ती जाऊन आता बरीच वर्षं झाली होती. आणि उरलेल्या दोन कुप्यांपैकी एक मी हळदीच्या घाईत संपवली होती.

दुसऱ्या दिवशी सरांनी नायट्रोजनच्या टाकीतून शेवटची कुपी काढायला सांगितली. मी हात मागे घेतले.

"सर, मला माहीत आहे त्या कोण आहेत. ही नको. मी विषय बदलते."

सरांनी मामांकडे एकदा पाहिलं. मामा फरशी पुसायला लागले, कोरडीच.

"ठेवून काय करू?" सर म्हणाले. "गोठलेली राहिली तर ती माझ्यानंतर कोणीतरी टाकीची सफाई करताना फेकून देईल. तिने कामासाठी दिलीय. कामाला लावा. तुम्हाला शेवटचा आकडा हवाय, आणि तो तिच्याकडेच आहे."

"सर, त्यांनी स्वतःची टोकं झिजवून तुम्हाला पूर्ण लांबीची दिली," मी म्हणाले. मला वाटलं, मी फार सुंदर बोलले.

"प्रबंधात असलं काही लिहू नका," ते म्हणाले. "शास्त्रात बसत नाही. मुलाला मिळणारी टोकं बीजपेशींतली, त्यांचं लांबवण्याचं काम वेगळं चालतं. दंडाच्या कातडीचा तिथे संबंध नाही." मग थोड्या वेळाने, हातमोजे चढवताना म्हणाले, "पण तिला हे सांगितलं असतं तर तिनेही तुमच्यासारखंच मानलं असतं."

मी ती कुपी तळहातात धरून वितळवली. इतके स्वच्छ हात मी आयुष्यात कधी धुतले नव्हते. त्या हिवाळ्यात माझा एकही मंगळवार, एकही शुक्रवार चुकला नाही. कोणाची हळद नाही, साखरपुडा नाही, बारसं नाही. घरचे म्हणाले, हिला वेड लागलंय. त्यांचं काही फार चुकत नव्हतं.

दर वेळी मी टोकं मोजायचे. फिल्मवर ती काळ्या धुरकट पट्ट्यांसारखी दिसतात. जितकी आखूड, तितकी पट्टी खाली. प्रत्येक पट्टी आधीच्या पट्टीहून थोडी खाली उतरलेली. फेब्रुवारीत तीन आठवडे झाले तरी पेशींनी बाटलीचा तळ भरलाच नाही. पेशी मोठ्या झाल्या होत्या, पसरट, आणि आपापल्या जागी बसून होत्या. मला शेवटचा आकडा मिळाला. सरांना सांगायला गेले. त्यांनीच विचारलं, "थांबल्या?"

"थांबल्या."

"थांबल्या म्हणजे मेल्या नाहीत," ते म्हणाले. "जेवण चालू ठेवा." हे मात्र शास्त्रात बसतं. अशा पेशी पुढे वाढत नाहीत, पण रस बदलत राहिलं तर महिनोन् महिने जगतात.

मार्चअखेर सर निवृत्त झाले. निरोपाच्या भाषणाच्या सुरुवातीला तीनदा, शेवटी तीनदा, आणि मध्ये फक्त एवढंच, की सत्तावीस नंबरचं जेवण आता ते स्वतः येऊन घालतील, कोणाची हरकत नसेल तर. कोणाची असणार? ओळखपत्र जमा केलेलं असल्यामुळे त्यांना दर वेळी गेटवरच्या वहीत पाहुणा म्हणून नाव लिहून यावं लागे. नायगावहून चालत यायचे, दर मंगळवारी आणि शुक्रवारी, साडेनऊला. तोवर आधीच्या पिशवीची जागा शबनमने घेतली होती. हात धुवायचे, रस बदलायचे, भिंगाशी बसायचे. मी माझा प्रबंध लिहीत बाजूला बसलेली असायचे. फारसं बोलणं होत नसे. एकदा मी विचारलं, "काय बघता एवढं?" तर म्हणाले, "काही नाही. बसलोय जरा."

श्रावणात माझी तोंडी परीक्षा झाली. पदवी मिळाली तो बुधवार होता. शुक्रवारी सर आले, हात धुतले, भिंगाशी बसले. त्या दिवशी लवकर उठले.

"झालं," म्हणाले.

मी भिंगाखाली पाहिलं. एकही पेशी जागेला धरून नव्हती, सगळ्या सुटून रसात तरंगत होत्या. मी जंतुनाशकाची बाटली हातात घेतली, पण सरांनी ती माझ्याकडून काढून घेतली आणि स्वतःच ओतलं. गुलाबी रसाचा रंग उडाला. त्यांनी बाटलीवरचा नंबर बोटाने एकदा पुसल्यासारखा केला, पण तो पक्क्या शाईचा होता.

मग त्यांनी मला नावाने हाक मारली. पाच वर्षांत पहिल्यांदा. "जेवलीस का गं?" त्यांनी विचारलं.

मी मान हलवली, हो की नाही ते मलाच ठाऊक नाही. शबनम खांद्याला अडकवून ते गेले.

दहा मिनिटांनी मला सुचलं की त्यांना एकटं जाऊ द्यायला नको होतं. मी जिन्याने धावत गेटवर गेले. ते दिसले नाहीत. वॉचमन टेबलावर वही उघडी टाकून बसला होता. शेवटची ओळ सरांच्या अक्षरातली होती. मी मागची पानं उलटली. एप्रिलपासून दर मंगळवारी, दर शुक्रवारी तेच वळणदार अक्षर. 'कोणाला भेटायचे' या रकान्यात, प्रत्येक ओळीत, 'आई'. 'काम' या रकान्यात 'जेवण'.

"सरांना शोधताय का मॅडम?" वॉचमनने विचारलं. "आत्ताच गेले. त्यांची आई कशी आहे हो? ॲडमिट आहे ना इकडे, किती महिने झाले. मी दर वेळी विचारायचो. बोलायचे, वाढत नाही आता, पण आहे."

मी वहीची पानं परत आजच्या तारखेवर आणली.

"आज पण विचारलं," तो म्हणाला. "तर नुसतं बोलले, तर असं आहे. तीनदा बोलले. मग सहीच न करता गेले. मी काय समजायचं?"

मी वहीकडे पाहिलं. बाहेर पडल्याची वेळ लिहायचा रकाना कोरा होता. मी तो तसाच ठेवायला सांगितला, आणि मग तिथेच, गेटवर, त्या जवळजवळ अनोळखी माणसासमोर पोटभर रडले.